कवटीचे माप आणि घराचे माप

माणसामाणसांत जो फरक दिसतो तो जन्माचा की परिस्थितीचा? गावच्या पारावर हा वाद कधी ना कधी निघतोच. "अमक्यांच्या पोरांना गणित जमायचंच नाही," "तमक्यांच्या हातात पैसा टिकत नाही, त्यांच्या रक्तातच नाही ते," अशी वाक्ये आपण ऐकतो आणि सोडून देतो. शिक्षकांच्या कानांवर तर ती शाळेच्या ओट्यावरच पडतात. परंतु ही वाक्ये वाटतात तितकी निरुपद्रवी नाहीत. एखाद्या गावाशेजारी शहर उभे राहते, शेतजमीन जाते, पैसा येतो. दहावीस वर्षांनी काही घरे वर चढतात आणि काही खाली बसतात. मग लोक निकाल देऊन मोकळे होतात, की ज्यांना पैसा पचला ते तरले आणि ज्यांना पचला नाही ते बुडाले. नवी मुंबईच्या परिसरात हे बोलणे गेली पन्नास वर्षे चालू आहे. ते खरे आहे काय, आणि त्याचे खरेखोटे करायचे कसे, एवढाच आजचा विषय आहे.

या विषयात वाट दाखविणारी एक थोर शिक्षिका महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे नाव इरावती कर्वे. पुष्कळांना त्या 'युगान्त'च्या लेखिका म्हणून माहीत आहेत. १९६७ साली निघालेल्या या महाभारतावरील पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पण इरावतीबाईंचा मूळ पेशा शिकविण्याचा आणि संशोधनाचा. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी समाजशास्त्र आणि मानवशास्त्र हे विषय शिकविले, विद्यार्थी घडविले, आणि त्यांना बरोबर घेऊन गावोगाव पायपीट केली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या वारल्या. त्याच वर्षी, १७ मार्चला, नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाले होते. म्हणजे हे शहर काही त्यांनी पाहिले नाही. तरीसुद्धा त्या शहराकडे पाहायचे कसे, याचा धडा त्यांच्या कामात आहे. तो कसा, ते आता क्रमाने पाहू.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले. शिक्षण पुण्यात, हुजूरपागेत आणि फर्ग्युसन कॉलेजात झाले. मुंबई विद्यापीठात प्राध्यापक गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी एम. ए. केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सूनबाई. १९२८ च्या अखेरीस त्या पुढील अभ्यासासाठी जर्मनीला, बर्लिन शहरी गेल्या.

आता त्या वेळचे बर्लिन म्हणजे काय होते, हे समजून घेतले पाहिजे. तिथे १९२७ साली मानवशास्त्र आणि अनुवंश यांच्या अभ्यासासाठी एक मोठी संस्था निघाली होती. तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. गोऱ्या लोकांचा वंश श्रेष्ठ आणि इतरांचा कनिष्ठ, असे मानणाऱ्या विद्वानांत फिशर यांचे नाव पुढे होते. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन त्यांनी मिश्र विवाहांतून झालेल्या लोकांची पाहणी केली होती, आणि असे विवाह होऊ नयेत असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. अशा माणसाकडे पुण्याची ही विद्यार्थिनी प्रबंधासाठी गेली.

प्रबंधाचा विषय होता माणसाची कवटी. आपली कवटी डावीउजवीकडे अगदी सारखी नसते. एक बाजू किंचित उजवी, दुसरी किंचित डावी ठरते. फिशर यांची कल्पना अशी, की युरोपीय माणसाच्या कवटीतला हा फरक जास्त असतो, कारण त्याच्या मेंदूचा विचारशक्तीचा भाग अधिक वाढलेला असतो. इतर वंशांत तसे आढळणार नाही. इरावतीबाईंनी १४९ कवट्या हातात घेऊन मापे घेतली. त्यांत आफ्रिकेतून आणलेल्या होत्या, युरोपातल्याही होत्या. मापे घेतल्यावर दिसले ते असे: डावेउजवेपणा सगळ्यांत आहे, कमीअधिक आहे, पण वंशाशी त्याचा काही मेळ बसत नाही. गुरूला हवे ते उत्तर कवट्या देत नव्हत्या. शिष्येने जे मिळाले तेच लिहिले आणि डॉक्टरची पदवी घेऊन ती मायदेशी आली.

यानंतर काही वर्षांतच जर्मनीत हिटलरचे राज्य आले. १९३५ साली न्यूरेंबर्गचे कायदे होऊन ज्यूंचे नागरिकत्व काढून घेण्यात आले, आणि पुढे महायुद्धात साठ लाखांच्या आसपास ज्यू मारले गेले. वंश श्रेष्ठ, वंश कनिष्ठ ही भाषा पुस्तकात होती तोवर ती विद्वानांची चर्चा वाटत होती. कायद्यात उतरली तेव्हा तिने माणसे मारली. १९५० साली युनेस्कोने जगातल्या तज्ज्ञांना एकत्र बसवून निर्वाळा दिला, की सगळी माणसे एकाच जातीची प्राणी आहेत आणि वंशावरून बुद्धीची उंची ठरते याला शास्त्राचा आधार नाही.

तुम्ही म्हणाल, हे झाले गोऱ्याकाळ्यांचे. आपल्याकडे त्याचे काय? आपल्याकडे हाच प्रश्न जातीच्या रूपाने आला. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली या इंग्रज अधिकाऱ्याने लोकांची नाके मोजून सिद्धान्त मांडला होता, की जात जितकी वरची तितके नाक सरळ आणि जात जितकी खालची तितके नाक बसके. म्हणजे जात हा वंशाचाच भेद. प्राध्यापक घुर्ये यांनी १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात हे आकडे पुन्हा तपासले आणि दाखविले, की महाराष्ट्रासह अनेक प्रांतांत ही चढती भाजणी मुळीच जुळत नाही. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९१६ सालीच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचून सांगितले होते, की जातीचे मूळ आपल्या जातीतच लग्न करण्याच्या नियमात आहे. पुढे १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर ग्रंथ लिहिताना त्यांनी घुर्ये यांचीच मापे पुढे ठेवली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे निरनिराळ्या वंशांचे नाहीत असे सिद्ध केले. ज्या फूटपट्टीने माणसाला हीन ठरवायचे होते, तिनेच ते खोटे पाडले.

इरावतीबाईंनीही महाराष्ट्रात पुष्कळ मापे घेतली, हे इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गावोगाव जाऊन डोकी, नाके, उंची मोजण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. वि. म. दांडेकर यांच्यासमवेत १९५१ साली त्यांनी महाराष्ट्रातील शरीरमापनावर पुस्तक प्रसिद्ध केले. जातींचा उगम शरीराच्या मापांतून लागेल अशी त्यांची आशा होती. आजच्या अभ्यासकांना ती तशी पटत नाही, आणि त्यावर टीकाही झाली आहे. पण या मापांतून त्यांनी कोणाला उच्च किंवा नीच ठरविले नाही. उलट त्यांना असे आढळले, की कुंभार म्हणून ज्यांना आपण एकाच नावाने ओळखतो, त्यांच्यातले निरनिराळे गटसुद्धा परस्परांसारखे नसतात. म्हणजे जातीचे नाव ऐकून माणसाविषयी काहीच सांगता येत नाही; त्याची सोयरीक कोणाशी, तो राहतो कुठे, पोट कशावर भरतो, हे पाहावे लागते.

आणि याच ठिकाणी त्यांच्या कामाने वळण घेतले. १९५३ साली त्यांनी भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला. मग गावाचा अभ्यास, मग गावातल्या निरनिराळ्या गटांचे एकमेकांशी वागणे कसे असते याचा अभ्यास. हे दुसरे काम त्यांनी य. भा. दामले यांच्याबरोबर केले. ते १९६३ साली छापले गेले. अडचणीच्या वेळी तुम्ही कोणाच्या दारी जाता? उसनेपासने कोणाकडून आणता? लग्नाला कोणाला बोलावता? भाऊबंद, जातवाले आणि शेजारी या तिघांत माणूस कोणाला धरून असतो, हे अशा साध्या प्रश्नांतून कळते. १९६५ साली जयंत रणदिवे यांच्याबरोबर त्यांनी फलटण या वाढत्या शहराचा आणि त्याच्या आसपासच्या मुलखाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शहर वाढते म्हणजे इमारती वाढतात एवढेच नव्हे. भोवतालच्या गावांचे येणेजाणे, बाजार, नाती, सगळी घडी बदलते. शहर पाहायचे तर त्याच्या भोवतीची गावेही पाहिली पाहिजेत, हा त्या पुस्तकाचा धडा.

त्यांचे शेवटचे मोठे सर्वेक्षण कोयना धरणाचे. कोयनेवर धरण झाले, शिवसागर भरला, महाराष्ट्राला वीज मिळाली. त्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांचे पुढे काय झाले, याची पाहणी इरावतीबाई आणि त्यांच्या कन्या जाई निंबकर यांनी केली. ते पुस्तक १९६९ साली डेक्कन कॉलेजने छापले. आज पुनर्वसनावर बोलणारे पुष्कळ आहेत, पण धरण झाल्यावर उठलेल्या लोकांकडे जाऊन "बाबांनो, तुमचे काय झाले?" असे पद्धतशीर विचारणाऱ्यांत त्या आपल्याकडे अगदी पहिल्या फळीतल्या. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली, म्हणजे या पुस्तकानंतर सात वर्षांनी. आणि कोयनेचे प्रकल्पग्रस्त आपल्या हक्कांसाठी २०१८ सालीही कोयनानगरला धरणे धरून बसले होते. यावरून हा प्रश्न किती लांब चालतो ते ध्यानात येईल.

आता आपण खाडी ओलांडून नव्या मुंबईकडे येऊ.

मुंबई बेट दाटीने भरून गेले, तेव्हा खाडीच्या पूर्वेला नवे शहर वसवावे ही कल्पना पुढे आली. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ती 'मार्ग' या नियतकालिकात मांडली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही त्याच दिशेने शिफारस केली. सिडको स्थापन झाली, आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आखले गेले. नकाशावर ते मोकळे दिसत असेल. पण त्यात ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतली ९५ गावे होती. आज आपण वाशी, नेरूळ, बेलापूर, घणसोली, कोपरखैरणे म्हणतो, ती आधी गावांची नावे. शहराच्या विभागांना ती मागाहून मिळाली. आगरी, कोळी, कराडी ही तिथली मोठी वस्ती. खाडीला बांध घालून केलेली खारजमीन, तीत भाताचे पीक, कडेला मिठागरे, खाडीत मासळी, आणि डोंगराच्या पायथ्याशी ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. खारजमिनीचे बांध वर्षाच्या वर्षाला सगळ्यांनी मिळून राखावे लागत. एकाचा बांध फुटला तर खारे पाणी दहाजणांच्या शेतात शिरे. त्या बांधांनी माणसेही बांधून ठेवली होती.

जमीन घेतली गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. मोबदला इतका थोडा वाटला, की लोक उठले. जासईचे दि. बा. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी त्यांच्या अग्रभागी होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-न्हावाशेवा भागात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच माणसे प्राणाला मुकली. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: जेवढी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा. १९९० आणि १९९४ च्या शासननिर्णयांनी ती लागू झाली. जमीन घेणाऱ्याने वाढलेल्या किमतीत मूळ मालकाला वाटेकरी करून घ्यावे, हा विचार त्या काळी नवा होता, आणि तो शेतकऱ्यांनी रक्त सांडून मिळविला, हे विसरता कामा नये.

पण आता शिक्षक मंडळींनी फळ्यावर एक हिशेब मांडून पाहावा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सोयींसाठी ३० टक्के वजा; राहिले साडेतीन गुंठे. ज्याची पाच एकर गेली त्याला साडेसतरा गुंठे. ज्याची दहाच गुंठे गेली त्याच्या वाट्याला एक गुंठासुद्धा पुरता येत नाही; आणि घरात चार भाऊ असतील तर तेवढ्याचेही चार भाग. नियम सर्वांना एकच, टक्का एकच. पण एका घरी इमारत उभी राहते आणि दुसऱ्या घरी भाऊबंदकी. मग ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याचे काय? शून्याचे साडेबारा टक्के काढले तर शून्यच येणार.

आणि जमीन नावावर नसलेली माणसे थोडी नव्हती, बरे का. दुसऱ्याच्या शेतात राबणारा शेतमजूर, मिठागरावर घमेले वाहणारी बाई, खाडीत जाळे टाकणारा कोळी, बांधाच्या कामावर जाणारा कातकरी, गावची हजामत करणारा, मडकी देणारा: या सगळ्यांचे पोट त्याच जमिनीवर आणि त्याच पाण्यावर होते. पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. पाण्याला तर सातबाराच नसतो. भराव पडला, खाडी अरुंद झाली, जिताडा आणि कोळंबी दूर गेली, त्याची नोंद कोणत्या तलाठ्याच्या दप्तरात सापडणार? अशा लोकांसाठी निराळी तरतूद मागावी लागते, आणि ती मागायची तर ते कोण आहेत, किती आहेत, त्यांचे काय गेले, हे आधी माहीत असावे लागते. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली मच्छीमारांच्या पारंपरिक हक्काची दखल घेतली आणि त्यांच्या नुकसानभरपाईची वाट मोकळी केली. परंतु पुलाच्या खांबांआधी मच्छीमारांची गणती व्हायला हवी होती. ती गोष्ट लोकांना न्यायालयात जाऊन मागावी लागली.

घरातल्या घरातही एक सातबारा असतो. मोबदल्याची वेळ आली की बहिणींना माहेरी बोलावतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही घेतात. महाराष्ट्रात १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा वाटा देणारी दुरुस्ती झाली. साऱ्या देशासाठी ती २००५ साली झाली. कायदा आला, पण माहेर तुटेल या धाकाने किती बहिणींनी सह्या केल्या याची मोजदाद कोण करणार? घर वर आले असे आपण म्हणतो तेव्हा त्या घरातले कोण वर आले, हेही विचारले पाहिजे.

वेळेचाही भाग आहे. जमीन गेली सत्तरच्या दशकात, भूखंडाचा हक्क आला नव्वदच्या दशकात. मधल्या वीस वर्षांत शेती नाही आणि भूखंडही नाही. ज्या घरात एखादा मुलगा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात कायम नोकरीला लागला, ते घर थांबू शकले. ज्या घरात आजारपण निघाले, किंवा मुलींची लग्ने एका मागोमाग आली, त्यांनी मिळेल त्या भावाला आपला भावी हक्क दलालाच्या हाती देऊन टाकला. दहा वर्षांनी पाहणारा म्हणतो, "यांनी उडवले." उडविणारे नसतीलच असे मी म्हणत नाही. जल्लोषाच्या हळदी आणि दारूच्या बाटल्या कोणी नाकारू शकत नाही. पण उडविणारा एक आणि थांबायला बळ नसलेले चार, असे तर नाही ना? हे मोजल्याशिवाय कसे समजणार? आणि न मोजता जो "रक्तातच नाही" म्हणतो, त्याच्यात आणि नाके मोजणाऱ्या रिस्लीसाहेबात फरक तो काय? साहेबाने निदान मापे तरी घेतली होती.

इथे इरावतीबाईंचा गावाविषयीचा एक विचार उपयोगी पडतो. १९५७ साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी भारतातल्या गावांचे वसण्याचे प्रकार सांगितले आहेत. देशावरचे गाव एकवट, घराला घर लागून असते. कोकणातले रस्त्याच्या दुतर्फा लांबत जाते आणि कुठे संपले ते कळत नाही. डोंगरातल्या आदिवासींच्या वस्त्या विखुरलेल्या असतात. म्हणजे गावाची हद्द सगळीकडे एकाच रीतीने आखता येत नाही. नव्या मुंबईत आज जो गावठाणाचा वाद आहे तो यातलाच. जुन्या मोजणीत गावठाणाची एक रेघ मारलेली होती. लेकरे वाढली, सुना आल्या, आणि घरे रेघेबाहेर गेली. कारण शेताकडे सरकणे हीच गावाच्या वाढीची रीत. पण शेत तोवर सिडकोचे झालेले. मग गरजेपोटी बांधलेले घर कागदावर बेकायदा ठरले. शेजारच्या उंच इमारतीतल्या माणसाला गावठाण म्हणजे अरुंद गल्ल्या आणि अतिक्रमण दिसते. गावकऱ्याला ती इमारत म्हणजे आजोबांचे शेत दिसते. दोघांच्या मुलांची शाळा कदाचित एकच असेल. तिथला शिक्षक या दोन दृष्टींमधला दुवा होऊ शकतो, जर त्याला दोन्हीकडचा हिशेब ठाऊक असेल तर.

शहरात जातपात राहत नाही, असेही एक मत आहे. गावच्या मानाने ती सैल होते, यात शंका नाही. लोकलच्या डब्यात कोणी कोणाची जात विचारत नाही. पण भाड्याने घर शोधताना आडनाव विचारतात. खाणेपिणे काय, असे आडवळणाने विचारतात. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या काळ्या मुलाला किंवा ईशान्येकडच्या मुलीला चेहरा पाहूनच "खोली नाही" सांगणारे मालक आहेत. इरावतीबाई पंढरीच्या वारीला चालत गेल्या होत्या. एकाच विठ्ठलाच्या वाटेवर चालणाऱ्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांचे मुक्काम आणि पंगती वेगळ्या, हे त्यांना बोचले आणि त्यांनी ते लिहून ठेवले. एकत्र चालणे आणि एकत्र बसणे यांतले अंतर त्यांनी नेमके टिपले. नव्या शहरात एकत्र प्रवास करणारी माणसे एकत्र राहतात का, हा प्रश्न त्याच अंतराचा आहे.

आता कोणी विचारील, हे सगळे आम्हा खेड्यातल्या लोकांना कशाला? त्याचे कारण असे, की हे शहर थांबलेले नाही. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू सुरू झाला. २०२५ साली नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, उलवे अशा दहा वस्त्यांतली हजारो कुटुंबे आधी उठली. २०२४ मध्येच उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतल्या १२४ गावांच्या क्षेत्रासाठी नवनगर विकास प्राधिकरण नेमले गेले. म्हणजे ९५ गावांची गोष्ट आता १२४ गावांच्या दारात आली आहे. आणि रायगडच कशाला? जिथे धरण, रस्ता, कारखाना, बंदर यायचे घाटते आहे, त्या प्रत्येक गावाला हा प्रश्न आज ना उद्या पडणार आहे. मागच्यांना जे कळायला वीस वर्षे लागली, ते पुढच्यांनी आधीच वहीत लिहून ठेवले तर?

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सरकारी मोजणी येईल तेव्हा येईल. त्याआधी आपल्या गावची एक वही करा. सातवी-आठवीची मुले हाताशी घ्या, ग्रामपंचायतीला सांगून घ्या, आणि घरोघर जा. फार प्रश्न नकोत. या घरात माणसे किती? पोट कशावर चालते: स्वतःची शेती, दुसऱ्याची शेती, खाडी, मिठागर, जंगल, की नोकरी? सातबाऱ्यावर नाव कोणाचे, आणि त्या जमिनीवर प्रत्यक्ष राबते कोण? घरातल्या बहिणी-मुलींची नावे वारसात लागली आहेत काय? अडचण आली तर कोणाच्या दारी जाता? घर कोणत्या साली बांधले? मुले कितवीपर्यंत शिकली आणि कोणत्या कारणाने थांबली? एवढेच. माणसाची जात शेवटी विचारा, आधी नको. आणि ज्याला सांगायची नाही त्याला आग्रह करू नका. उत्तरे चव्हाट्यावर वाचायची नाहीत, कोणाच्या कर्जाची किंवा भांडणाची वाच्यता करायची नाही, हे मुलांना पहिल्या दिवशीच बजावा. विश्वास गेला तर वहीचा उपयोग नाही.

मुलांना यातून तीन गोष्टी आपोआप कळतील. पहिली, एकाच जातीच्या दोन घरांतला फरक पुष्कळदा दोन जातींतल्या फरकापेक्षा मोठा असतो. दुसरी, जे घर मागे आहे त्याच्या मागे पडण्याला बहुधा तारीख असते: अमुक साली बांध फुटला, तमुक साली बाप गेला, अमक्या वर्षी जमिनीची नोटीस आली. आणि तिसरी, गावात अशी घरे असतात की ज्यांची नावे कोणत्याच कागदावर नाहीत. उद्या मोबदल्याची यादी लागली तर त्यांचे नाव तिथेही नसेल. आपल्या वहीत मात्र ते असेल, आणि ग्रामसभेत ते वाचून दाखविता येईल. नोटीस येऊन पडल्यावर ही वही करू म्हटले तर उशीर झालेला असतो, कारण तेव्हा जो तो आपले खरे-खोटे दडवू लागतो.

बर्लिनच्या त्या खोलीत इरावतीबाईंना उत्तर आधी सांगून ठेवलेले होते, आणि मापे फक्त त्याला जोडायची होती. त्यांनी तसे केले नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनातही शेजाऱ्याविषयीचे एक उत्तर आधीपासून ठेवलेले असते. वही हातात घेऊन त्याच्या उंबऱ्यावर बसावे, त्याने दिलेला चहा घ्यावा, आणि तो सांगेल ते लिहून घ्यावे. येत्या दिवाळीच्या सुटीत हे काम एका वाडीपुरते का होईना करून पाहा.